मसन्या नसतो, असं मी बोलले

२३ नोव्हेंबर २०१०, मंगळवार
जंगलातलं माझं बीट फिरून नाल्यावर पोचले तेव्हा पोलीस पाटलांचा फोन. "इंगळे मॅडम, कबरस्तानात या. तुमच्या जंगलातल्या जनावरानं काम करून ठेवलं."

रात्रभर पाऊस पडलेला. नोव्हेंबरात पाऊस. फुटलेला कापूस झाडावरच भिजून काळा पडतोय, लोक तसेही चिडलेले. कुंपणाशी अर्धं गाव उभं.

इस्माईलचाचांच्या नातीची कबर. चाचा गावचे पिंजारी. घरोघरच्या गाद्या त्यांनी भरलेल्या, माझ्या खोलीतलीही. नात चार दिवस जगली. परवा रविवारी दफन केलं. आज कबर उकरलेली, कफनाचा तुकडा बाभळीच्या काट्याला. लेकरू थोड्या अंतरावर मिळालं. पुढचं लिहीत नाही. चाचांच्या मुलाने सदरा काढून त्यात घेतलं.

मातीत एक ठसा शिल्लक नाही. सगळं पावसाने धुतलेलं.

म्हातारी माणसं म्हणाली, मसन्या आला. मसणात राहतो, मढी उकरतो, लेकरासारखा रडतो, कुऱ्हाडीने कापत नाही. लहानपणी आजीने याच नावाने मला भाकर खायला लावली होती.

आरएफओ साहेबांना, आमच्या वनक्षेत्रपालांना, फोन केला. ते म्हणाले, "असलं जनावर आपल्या यादीत नाही. कोल्हा लिहा, नाहीतर अज्ञात लिहा." मग पाटलांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, मसन्या असते का?" मी म्हणाले, "नाही. ती गोष्ट आहे. असा प्राणी नसतो."

गणवेशात होते. ठामपणे बोलले.

२४ नोव्हें.
सकाळी दळण घेऊन चक्कीवर. चक्कीवाल्याची बायको दुसरीला सांगत होती, "फॉरेस्टवाल्या मॅडमनं सोता सांगतलं, जनावर नाई. मंग मानसाचंच काम. करणीचं."

"कोन असन?"

"दाईशिवाय कोन. लेकरू तिच्याच हातचं. घर बी कबरस्तानाले लागून."

मी मागेच उभी होते. म्हटलं, मी तसं म्हणाले नव्हते. दोघींनी पिठाचे डबे उचलले. पण मी तसंच म्हणाले होते. जनावर नाही म्हटल्यावर मागे काय उरतं, हे बोलताना डोक्यात आलं नाही.

चंद्रभागाबाई. गावातली निम्मी माणसं तिच्या हातात जन्मलेली, पोलीस पाटलांची दोन्ही मुलंसुद्धा. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, तिला बोलावतात ते फक्त वेळ कमी पडला तर. चाचांच्या सुनेच्या वेळी गाडी यायला उशीर झाला म्हणून बोलावलं.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. दारात फुटलेली अंडी आणि कुंकू. ती राखेने घासत होती.

"कोणी टाकलं?"

"तोंड दाखवून टाकलं नाई त्याईनं. जाऊ दे. बस."

मी विचारलं, मसन्या तू पाहिला आहेस का. तिने हात धुतले, पदराला पुसले, मग म्हणाली, "दोन खेपी."

वही काढली. तिने सांगितलं ते तसंच उतरवते: कुत्र्याहून बुटका, लांबट. पाय आखूड. पोट, पाय, तोंड काळं कुट्ट. डोक्यापासून शेपटापर्यंत वरून पांढरं, चादर पांघरल्यासारखं. लोक म्हणतात पहिल्या कबरीतलं कफन त्याच्या पाठीला चिकटलं, म्हणून. पहिल्यांदा वारुळ उकरताना दिसला, दुसऱ्यांदा मधाचं पोळं पाडताना, अंगावर माश्या बसलेल्या, तरी हलला नाही.

"कापूस वेचाले जात होती मी. दिवस निंघालाच होता. मले पाह्यलं, दात दाखवले, आन आपलं काम करत राह्यला. भेला नाई."

"नखं पाहिलीस?"

"समोरच्या पायाची. हे एवढी." करंगळी दाखवली.

ऐकीव गोष्ट सांगणारी बाई माश्या कुठे बसल्या होत्या ते सांगत नाही. ही सांगत होती.

२५ नोव्हें.
चाचांकडे जायची हिंमत दुपारपर्यंत झाली नाही. गेले तेव्हा ते पिंजत होते. सगळ्या ओसरीत कापूस उडतोय, त्यांच्या दाढीवर, भुवयांवर. मला पाहून थांबले नाहीत.

मी म्हणाले, "चाचा, मी परवा चुकीचं बोलले. मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत असल्यासारखं बोलले."

त्यांनी हत्यार खाली ठेवलं. "बेटा, जनावर असन तं त्याच्या पोटासाठी केलं त्यानं. त्याचा माह्या मनात राग नाई. पन मानूस असन तं मले समजलंच पाह्यजे. मी ज्याच्या घरी गादी भराले जातो, ज्याच्या हातचं पानी पेतो, त्यातलाच कोनी असन ना?"

"चंद्रभागाबाईवर..."

"मी नाव नाई घेतलं. पोरगा घेऊन राह्यला. सून बी."

मी सांगितलं काय करायचं आहे. कबरीभोवती बारीक चाळलेली माती पसरायची, रोज संध्याकाळी सपाट करायची, पहाटे वाचायची. जो कोणी येईल त्याचा पाय उठेल. जनावराचा की माणसाचा. त्यांनी विचारलं, "माती कुठून आनतं?" म्हटलं, नाल्यातली. ते उठले आणि दोन टोपली घेऊन पुढे चालायला लागले.

चौसष्ट वर्षांचा माणूस. सात खेपा केल्या. मला चार करू दिल्या.

२६ नोव्हें.
पहाटे गेले. कुत्री. एक मुंगूस. बाकी कोरं.

२७ नोव्हें.
कुत्री. चाचांच्या चपला, ते माझ्या आधी येऊन गेलेले.

मोताळ्याला ऑफिसात. साहेबांना सगळं सांगितलं. ते वाईट नाहीत, पण कंटाळलेले असतात. म्हणाले, "इंगळे, तुम्ही गावच्या भांडणात काऊन पडता? ते पोलिसांचं काम." मी म्हटलं, भांडण माझ्या वाक्यावरून सुरू झालं आहे. ते म्हणाले, मग वाक्य बदला, जनावर आहे म्हणा, संपलं. मी म्हटलं, आता नुसतं म्हणून कोणी ऐकणार नाही, दाखवावं लागेल.

कपाटात प्राण्यांचं चित्रांचं पुस्तक आहे. पानं चाळता चाळता थांबले. वरून पांढरं, खालून काळं, आखूड पाय, पुढची नखं लांब. खाली मराठीत चांदी अस्वल. अस्वलाच्या कुळातलं नाही, असंही लिहिलंय. साहेबांना दाखवलं. "हे इकडे नसते. वीस वर्षांत मी नाही पाहिलं." पुस्तक नेऊ दिलं पण. येताना मूर्तिकाराकडून प्लास्टर घेतलं. त्याने विचारलं, कशाची मूर्ती? मी म्हटलं, पायाची.

२८ नोव्हें., रविवार
पुस्तक घेऊन चं.बाईकडे. मी कोणतं पान ते सांगितलं नाही. पहिल्यापासून एकेक उलटत गेले. तरस पाहून म्हणाली, हा नाई. कोल्हा, नाई. उदमांजर, हे घराच्या पाटनीवर येते, हा नाई. अस्वल दाखवल्यावर हसली, "मी म्हातारी झाली, आंधळी नाई." अशी एकोणीस पानं. विसाव्यावर तिने माझा हात धरला. बोट ठेवलं नाही, जरा मागेच सरली.

"हा."

नंतर म्हणाली, "पुस्तकात बी आहे, मंग त्वा नाई काऊन म्हनलं?"

मी पुस्तक मिटलं.

२९ नोव्हें.
पुन्हा पाऊस. सगळी माती वाहून गेली. कबरीवर चाचांनी ताडपत्री घातली होती ती तेवढी राहिली. दुपारी उघडल्यावर पुन्हा नाल्यातून माती, ओली, जड. चाचांचा मुलगा सलीम कुंपणापाशी उभा राहून बघत होता. अब्बांनी टोपलं उचललं तसं त्याने येऊन ते त्यांच्या डोक्यावरून घेतलं. माझ्याशी बोलला नाही.

३० नोव्हें.
पाटलांनी चावडीवर बोलावलं. वीस-पंचवीस माणसं, बाई एकही नाही, मी सोडून. त्यांचं म्हणणं असं: गावात भीती आहे. दोन गरोदर लेकी माहेरी यायला तयार नाहीत. पोरं दारू पिऊन दाईच्या दारात जातात, उद्या कमीजास्त झालं तर केस गावावर. तेव्हा चंद्रभागाबाईने स्वतःहून काही महिने गाव सोडावं, हे बरं.

"कोणत्या गुन्ह्यासाठी?" मी विचारलं.

"गुन्हा कोन म्हनते? तुमी लिहून द्या जनावर आहे, आमी गप बसतो. तुमीच तं नाई म्हनलं."

"पुराव्याशिवाय लिहून देणार नाही. मला शनिवारपर्यंत वेळ द्या."

"अन शनिवारी नाई भेटलं तं?"

म्हटलं, भेटेल. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे. पण वाक्य मागे घ्यावंसं वाटलं नाही.

१ डिसेंबर
उघाड. सगळं गाव कापूस वेचायला. बीटकडे जाताना पाहिलं, पाटलांच्या वावरात बायकांची रांग, आणि चार तासं, चार ओळी, सोडून चं.बाई एकटी. तिच्या बाजूच्या तासात कोणी उभं राहत नाही. ती वेचत होती. ओटीत काळपट कापूस. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं लाल पडलेली, लाल्या सगळीकडे आहे यंदा. मुकादमाने तिला दुपारी घरी जायला सांगितलं म्हणे. ती म्हणाली, दिवस भरूनच जाईन. भरून गेली.

तिने सांगितलेल्या गोष्टीवरून डोक्यात आलं ते लिहून ठेवते. तिने ते जनावर पाहिलं तिथे तेव्हा पडीत होतं, वारुळं, बोरी, मोहळाचं झाड. मी आज ती जागा शोधली. आता बांधापर्यंत बीटी कपाशी लावलेली. कबरस्तानाच्या कुंपणाला पऱ्हाटी टेकते. बीटी आल्यापासून लोकांनी एक हात जागा मोकळी सोडली नाही, त्यांचं तरी काय चुकलं, ज्याला जे मिळेल ते लावतो. पण वारुळ खाणाऱ्याला वारुळ राहिलं नाही. न नांगरलेली जमीन आता एकच. कबरस्तान.

हे सिद्ध करता येणार नाही. अंदाज आहे. तरी.

२ डिसें.
पहाटे कोरं. कबरस्तानाच्या मागच्या बांधावर ताजं उकरलेलं, ढोपरभर खोल, उंदराच्या बिळामागे गेलेलं. कुत्रा असं उकरत नाही. मातीत नखांच्या पाच रेघा, समांतर. कडा ढासळल्या होत्या म्हणून साचा घेता आला नाही.

चाचांना दाखवलं. ते वाकून बघत राहिले. मग त्यांनी मला सांगितलं की कबरीभोवती नको, इथून कबरीपर्यंत पट्टा टाक. बरोबर होतं. मला का सुचलं नाही. दोघांनी मिळून बारा हात पट्टा केला, चाचांनी रजई पसरावी तसा हाताने सारखा केला.

३ डिसें., शुक्रवार
मिळाले.

साडेसहा. दव होतं म्हणून ठसे अगदी स्वच्छ. बांधाकडून आलेला, पट्ट्यावरून नऊ पावलं, कबरीच्या ताडपत्रीला वळसा, परत बांधाकडे. समोरचा पाय: पाच बोटं, आणि बोटांच्या पुढे, चांगलं दोन बोटं अंतर सोडून, पाच नखांची टोकं. मागचा पाय लांबट, टाचेसकट, तान्ह्या लेकराच्या तळव्यासारखा. तो पाहिल्यावर कळलं लोक त्याच्याबद्दल तसं का बोलतात.

चाचा आधीच उभे होते, पट्ट्याच्या बाहेर, चपला हातात. त्यांनी पाय टाकला नव्हता. किती वेळ उभे होते माहीत नाही.

प्लास्टर कालवलं. घाईत पहिलं पातळ झालं, वाया गेलं. दुसऱ्यांदा चाचांनी डबा धरला. चार साचे. सुकेपर्यंत आम्ही बाभळीखाली बसलो. चाचा म्हणाले, "एवढंसं हाय." मग, "मानूस नाई." एवढंच दोनदा म्हणाले, आणि तोंडावर रुमाल घेऊन रडले. दफनाच्या दिवशीही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मी दुसरीकडे बघत बसले. सूर्य वर आला, साचे हाताला गरम लागले. प्लास्टर घट्ट होताना तापतं.

४ डिसें., शनिवार
चावडी. आज बायकाही आल्या. साचे कापडातून काढून ओट्यावर ठेवले. शेजारी कुत्र्याचा साचा, मुद्दाम केलेला, फरक दिसावा म्हणून. पुस्तकाचं पान उघडून ठेवलं. आणि आधी ते सांगितलं जे सांगायचं ठरवलं होतं: "मी त्या दिवशी असा प्राणी नसतो म्हणाले. मी चुकले. आहे. तुमच्या आजा-पणज्यांनी पाहिलेला तोच. त्याला तुम्ही मसन्या म्हणता."

मग पाटील म्हणाले, "असा पाय हातानं बी बनवता येते, मॅडम."

मी बोलायच्या आत चाचा उठले. चावडीवर ते बोललेले कोणी पाहिलं नसेल. "माह्यासमोर निंघाला पाय. माह्या नातीच्या कबरीवर. मी खोटं बोलन का, विठ्ठलराव?"

पाटलांनी मान खाली घातली. मग साचा उचलून नखांवरून अंगठा फिरवला. एकेकाने हातात घेतला. बायकांनीही. चक्कीवालीने लगेच खाली ठेवला, पोळल्यासारखा.

चं.बाई आली नव्हती. मी शेजारणीकडे निरोप ठेवला होता.

मला वाटलं, झालं. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "मंग मारून टाकू ना त्याले." आणि सगळे त्यावरच बोलायला लागले. कोंबडीच्या आतड्यात कपाशीचं दाणेदार औषध घालायचं. घरोघरी आहेच. जणू आठ दिवस कोणावर तरी उगारलेला हात खाली घ्यायला त्यांना जागा हवी होती.

मी म्हटलं, वाघाला जो कायदा तोच याला. मारलं तर गुन्हा दाखल करीन, कोणीही असो.

पाटील म्हणाले, "परवा म्हनत होत्या नाई. आज म्हनता आहे. अन आहे तं हात लावू नोका. आमी करावं काय, तुमीच सांगा."

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, कबरींवर फरशी ठेवू. नाल्याकाठी लहान लेकरं पुरतात तिथेही, सगळ्यांच्याच. उकरता आलं नाही की तो येणार नाही. सलीम, जो दहा दिवस माझ्याशी बोलला नव्हता, तो म्हणाला, "फरश्या मी आनतो."

साहेबांना फोन केला. "अहवालात लहान मांसभक्षी प्राणी असं मोघम लिहा. नाव लिहिलं तर वरून दहा प्रश्न येतील." मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही.

५ डिसें.
सकाळी पहिल्यांदा चं.बाईकडे. दाराला कुलूप. कोंबड्या शेजारणीच्या अंगणात. शेजारीण म्हणाली, "परवाच गेली, शुक्रवारी. दुसरबीडले, पोरीकडे. कोनाले सांगू नोको म्हने."

शुक्रवारी. म्हणजे मी साचे सुकवत होते तेव्हा ती बस धरत होती. ठसे मिळाले हे तिला सांगायला मी त्या दिवशी गेलेच नाही. आधी साचे घासले, अहवालाचा कच्चा मसुदा केला, फोटो काढले. वीस पावलांवर तिचं घर.

६ डिसें.
पहाटे विहारात. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती. आमच्या आळीतली सगळी होती. परतताना आईचा फोन, तिला सांगितलं सगळं. ती म्हणाली, "त्या बाईचं काय झालं ते सांग, जनावराचं राहू दे."

दुपारी फरश्या. सलीमने ट्रॅक्टर आणला. अकरा जागी बसवल्या, कबरस्तानात आणि नाल्याकाठी जिथे बाकीचे लोक लहान लेकरं पुरतात तिथे. पाटील स्वतः पहारीला होते. चांगलं काम झालं. तरी चं.बाईचं नाव कोणी काढलं नाही. जणू तिला कोणी काही म्हणालंच नव्हतं.

८ डिसें.
अहवाल पाठवला. प्राण्याचं नाव: चांदी अस्वल. स्थानिक नाव: मसन्या. पुरावा: चार साचे, फोटो, साक्षीदार दोन. पहिल्या साक्षीदाराचं नाव चंद्रभागाबाई लिहिलं, दुसऱ्याचं इस्माईलचाचा. खाली एक ओळ घातली: दि. २३ रोजी सदर प्राणी अस्तित्वात नसल्याचे मी जाहीरपणे सांगितले होते, ते चुकीचे होते. क्लार्क म्हणाला, ही ओळ कोणी लिहीत नसते. म्हटलं, राहू द्या.

९ डिसें.
बांधावर विषाची आतडी. कोणी ठेवली कळणार नाही, आणि गाव सांगणारही नाही. दोन कावळे मेलेले, पाटलांचं कुत्रं मेलेलं. हातमोजे घालून सगळं गोळा केलं, खोल पुरलं, वर दगड. पंचनामा केला. पाटील कुत्र्याजवळ उभे होते. सही करताना म्हणाले, "मॅडम, मी नाई ठेवलं." मी म्हटलं, मी विचारलं नाही.

आतड्यांपासून थोड्या अंतरावर तेच ठसे. जवळ गेलेले, थांबलेले, मग पऱ्हाटीत शिरलेले. खाल्लं की नाही, सांगता येत नाही. तासातासांत शोधलं दुपारपर्यंत. वाकून वाकून कंबर धरली. वेचणाऱ्या बायका विचारायच्या, काय हरवलं मॅडम. एकीने, चक्कीवालीनेच, ओटी सोडून दोन तासं माझ्याबरोबर पाहिली. काही सापडलं नाही. मेलेलं नाही, जिवंत नाही.

१० डिसें.
चाचांबरोबर बांध पुन्हा. कोरा.

११ डिसें.
कोरा. उद्या रविवार. चाचांना सांगितलं, दुसरबीडला जाते. त्यांनी आत जाऊन एक उशी आणून दिली, नवी, घट्ट भरलेली. "तिले दे. म्हना, इस्माईलनं नाव नोतं घेतलं. पन तोंड उघडून नाई बी म्हनलं नोतं. ते चुकलं."

१२ डिसें., दुसरबीड
पहाटेची एसटी, बुलढाण्यात बदलली. इतक्या लांब, भाषाही जरा वेगळी लागते कानाला. रस्त्यावरच मुलीचं चहाचं दुकान. चं.बाई मागे भांडी घासत होती. मला पाहून उठली नाही. हात मात्र थांबले.

उशी दिली. चाचांचा निरोप सांगितला, त्यांच्याच शब्दांत. तिने उशी मांडीवर घेतली, शिवण तपासली. "टाका बारीक घालते इस्माईल. पयल्यापासून."

मग मी सांगितलं. ठसे, चावडी, फरश्या. अहवालात तिचं नाव पहिलं आहे ते. आणि हेही, की त्या दिवशी असा प्राणी नसतो असं सगळ्यांसमोर म्हणणारी मीच.

"मले मालूम होतं."

"मग मला घरात का घेतलंस?"

"तू ईचाराले आली. बाकी कोनी ईचाराले आलं नाई. टाकाले आले."

मुलगी चहा ठेवून गेली. आईला नेऊ नका, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "आता गावाला समजलं आहे. तुझ्यावर काही राहिलं नाही. चल घरी."

ती रस्त्याकडे बघत बसली. ट्रक जात होते, कापसाच्या गाठी भरलेले. मग म्हणाली, "त्या जनावरानं पाय टाकला म्हनून मी सुटली ना?"

"हो."

"पुढच्या खेपी कोनाचं लेकरू जाईन. जातच असते. तवा पाऊस असला, अन पाय नाई भेटला तं?"

मी तोंड उघडलं. मी असेन तिथे, असं म्हणणार होते. पण माझी बदली होईल, दोन वर्षांत नाहीतर तीन. पाटलांनी पहारीवर घाम गाळला, हे सांगणार होते. त्याच पाटलांनी तिला गाव सोडायला सांगितलं होतं. प्रत्येक वाक्य आतल्या आत तपासून पाहिलं आणि एकही टिकलं नाही. या वेळी माहीत नसताना माहीत असल्यासारखं बोलले नाही.

"मला माहीत नाही," म्हटलं.

तिने मान हलवली. राग नव्हता. "हे बरं सांगतलं," म्हणाली, आणि पुन्हा भांडी घासायला लागली.

साडेचारला बुलढाण्याची गाडी आली. कंडक्टरने दोनदा हाक मारली. उद्या सकाळी बीटावर हजर राहायला हवं, रजा टाकलेली नाही. मी पर्स उचलली, दारापर्यंत गेले. मग परत येऊन तिच्याजवळ खाली बसले आणि खंगाळायचं पातेलं ओढून घेतलं.

गाडी गेली. साहेबांना फोन करायचा आहे. मुलीने न विचारता माझ्यासाठी भाकरी टाकली आहे. घरी यायचं की नाही, चं.बाई अजून काहीच म्हणालेली नाही.